ग्राफिक्स कार्ड बसवायचं कसं आणि नीट बसलंय हे तपासायचं कसं

संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवणं म्हणजे दोन स्क्रू, एक खटका आणि एक-दोन केबली. सवय असलेल्याला पाव तास पुरतो. नवख्या माणसाची मात्र यात अख्खी सुट्टी जाते. कधी कार्ड कॅबिनेटमध्ये मावतच नाही, कधी पॉवर सप्लायला हवी ती पिन नसते, तर कधी सगळं जोडून झाल्यावर मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत बसतो. याहून फसवा प्रकार म्हणजे डिस्प्ले येतो, गेमही चालतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात कार्ड कमी लेनवर, म्हणजे मदरबोर्डशी जोडणाऱ्या कमी वाटांवर, चालत असतं, नाहीतर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा, मॉनिटर ६० वरच अडकलेला असतो. हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे बसवण्याइतकंच, खरं तर थोडं जास्तच, मी इथे तपासण्याबद्दल लिहिणार आहे.

कार्ड आणण्याआधी

पहिली गोष्ट जागा. कॅबिनेटचं झाकण उघडा आणि मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा. छोटी कार्डं २०० मिलिमीटरच्या आतबाहेर असतात, तीन पंख्यांची मोठी कार्डं ३०० च्या वर सहज जातात. पुढच्या बाजूला रेडिएटर किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर ती जागा वजा करा. जाडीही बघा. कार्डाच्या माहितीत ‘अडीच स्लॉट’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ते खालच्या दोन स्लॉटची जागा खाणार. तिथे वायफाय किंवा साउंड कार्ड असेल तर त्याची दुसरी सोय करावी लागेल. रुंदीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पॉवरची केबल कार्डाच्या वरच्या कडेतून बाहेर येते आणि झाकणाच्या काचेला टेकते. तेवढी मोकळी जागा धरूनच माप घ्या.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची मदरबोर्डवरची लांब खाच, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. तेवढ्यात भागणारी कार्डं आहेत. जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स वेगळ्या केबलीशिवाय चालतात. त्यापुढे केबल लागतेच. सहा पिनी जोडणी ७५ वॅटची, आठ पिनी १५० वॅटची, आणि नवीन सोळा पिनी जोडणी ६०० वॅटपर्यंतची. आरटीएक्स ४०६० ला साधारण ११५ वॅट लागतात, तर आरटीएक्स ४०९० ला ४५०. कार्ड बनवणारी कंपनी एकूण पॉवर सप्लाय किती वॅटचा हवा हे सांगते. तो आकडा प्रोसेसर आणि बाकी सगळं धरून काढलेला असतो, त्यामुळे त्याच्या खाली जाऊ नका. पॉवर सप्लायवरचा ‘८० प्लस’ शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. माल टिकाऊ आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

पिना कमी पडल्या की बाजारात मिळणारं साटा-टू-सहा-पिन अडॅप्टर, म्हणजे हार्ड डिस्कच्या पिनेवरून कार्डाला वीज देणारं, लावायचा मोह होतो. लावू नका. साटाची पॉवर पिन १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंत भार घेण्यासाठी बनवलेली असते आणि पलीकडची सहा पिनी जोडणी ७५ वॅट मागू शकते. केबल तापून वितळते ती याच फरकामुळे. पॉवर सप्लायला हवी ती पिनच नसेल, तर तो सप्लाय या कार्डासाठी नाही असं समजा.

मदरबोर्डची चिंता त्या मानाने कमी. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. ४.० चं कार्ड ३.० च्या बोर्डात चालतं, उलटही चालतं, वेग मात्र दोघांतल्या हळूचा मिळतो. पूर्ण सोळा लेनच्या कार्डाला याचा फारसा फटका बसत नाही. पण काही स्वस्त कार्डांना मुळात लेनच कमी असतात. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरतं आणि आरटीएक्स ४०६० आठ. अशांपैकी पहिलं जुन्या ३.० च्या बोर्डात टाकलं तर फरक डोळ्यांना दिसतो. जुना संगणक सुधारण्यासाठी कार्ड घेत असाल तर लेनची संख्या आवर्जून बघा.

शेवटी मॉनिटरची पिन. नवीन कार्डांवर जुनं निळं व्हीजीए मिळत नाही. जुना मॉनिटर चालवायचा असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारं, आत चिप असलेलं अडॅप्टर घ्यावं लागेल.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

विंडोज चालू असतानाच दोन कामं उरका. जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल, म्हणजे एएमडी काढून एनव्हिडिया टाकताय किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर, काढून टाका. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजेच डीडीयू, हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवलं की जुने अवशेष साफ होतात. एकाच कंपनीचं जुनं-नवं असेल तर एवढी झाडलोट बहुधा लागत नाही. आणि संगणकाला इंटरनेट फक्त वायफायने मिळत असेल तर नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा.

दुसरं काम बिटलॉकरचं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर नवं कार्ड घातल्यावर किंवा बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधली, सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की त्याच संगणकात साठवलेली असली तर पंचाईत. आधी कागदावर उतरवा, किंवा बिटलॉकर तात्पुरतं थांबवून ठेवा.

मग संगणक बंद करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा. वायर काढल्यावर समोरचं पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. अंगातली स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा. सिंथेटिक गालिच्यावर उभं राहून हे काम करू नये.

कार्ड स्लॉटमध्ये घालताना

कॅबिनेट आडवं करा, मदरबोर्ड वर तोंड करून येईल असं. उभ्या कॅबिनेटमध्येही कार्ड बसतं, पण आडवं ठेवल्यावर कार्डाचं वजन आपल्या बाजूने काम करतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

लांब स्लॉट दोन-तीन दिसतील. प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा लांब स्लॉट घ्यायचा. बऱ्याच बोर्डांवर त्याला चकाकती धातूची कड असते. खालचे लांब स्लॉट दिसायला तसेच असले तरी आत अनेकदा चारच लेन जोडलेल्या असतात. मागच्या कोणत्या पट्ट्या काढायच्या यात घाई होते आणि चुकीची पट्टी निघते. कार्ड स्लॉटच्या वर नुसतं धरून बघा. त्याची धातूची चौकट कोणत्या पट्ट्यांसमोर येते ते आधी दिसू द्या, मगच स्क्रू काढा.

कार्डावरचं प्लास्टिक, पोर्टांवरची टोपणं आणि सोनेरी पट्ट्यांवरचं आवरण काढा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. कार्ड कडांना धरायचं. पंख्यांना धरून उचलणारे लोकही बघायला मिळतात, पण पंख्याचा आस तेवढा भार पेलण्यासाठी नसतो.

आता स्लॉटच्या टोकाचा खटका उघडा. काही बोर्डांवर तो खाली दाबायचा असतो, काहींवर बाजूला सरकवायचा. कार्डाच्या सोनेरी कडेच्या शेवटी आकड्यासारखा एक वाकडा भाग असतो, तो या खटक्यात अडकतो. कार्ड सरळ धरा, चौकटीकडची बाजू आणि आतली बाजू एका पातळीत आणा आणि दोन्ही टोकांवर सारखा जोर देत खाली दाबा. ‘टक्‌’ असा आवाज आला की खटका बसला. आवाजावर विसंबू नका, वाकून बघा. सोनेरी रेघ स्लॉटच्या वर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत असेल तर कार्ड तिरकं आहे.

तिरकं राहण्याचं नेहमीचं कारण स्लॉटमध्ये नसतं. कार्डाच्या धातूच्या चौकटीला खाली एक निमुळती जीभ असते. ती मदरबोर्डची कड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामधल्या फटीत उतरायला हवी. ती पत्र्यावर अडली की पुढचा भाग बसल्यासारखा वाटतो आणि मागचा भाग मिलिमीटरभर वर राहतो. अशा वेळी जोर वाढवू नका. कार्ड बाहेर काढा, जीभ फटीत आहे हे बघा आणि पुन्हा दाबा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा जरा वाकडा असला तर चौकट बोटाने किंचित ओढून धरावी लागते.

चौकटीचे स्क्रू आवळा. स्क्रू आवळताना कार्ड स्लॉटमधून वर उचललं जात असेल, तर मदरबोर्डच कॅबिनेटमध्ये नीट बसलेला नाही. कार्ड जड असेल तर मोकळ्या टोकाखाली आधाराची काठी द्या. बहुतेक जड कार्डांसोबत ती येते आणि खोक्यातच पडून राहते.

पॉवरची केबल

खरं नुकसान होतं ते इथे, म्हणून जरा सावकाश.

पॉवर सप्लायमधून आठ पिनांच्या दोन प्रकारच्या केबली येतात. एक प्रोसेसरची, ती चार अधिक चार अशी दुभंगते. दुसरी ग्राफिक्स कार्डाची, ती सहा अधिक दोन अशी. दोन्ही लांबून सारख्या दिसतात, पण आतल्या १२ व्होल्टच्या आणि अर्थिंगच्या तारांची जागा उलटसुलट असते. खाचांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते चुकीची केबल जाऊच नये म्हणून. तरी काही जण रेटून घुसवतात आणि पॉवर सप्लायला शॉर्ट दाखवतात. केबलीवर ‘पीसीआयई’ किंवा ‘व्हीजीए’ छापलेलं असतं, ते वाचा. सहा अधिक दोनवाली केबल आठ पिनी जागेत घालताना छोटा तुकडा मोठ्याच्या खाचेत आधी जुळवून घ्या आणि दोन्ही एकदम दाबा.

केबली सुट्या करता येणारा पॉवर सप्लाय असेल तर एक नियम कडक पाळा: केबल त्याच पॉवर सप्लायच्या खोक्यातली हवी. कार्डाकडची पिन सगळीकडे सारखी असते, पण सप्लायकडच्या टोकाला तारांची मांडणी कंपनी ठरवेल तशी. एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्येही ती वेगळी असू शकते. जुन्या सप्लायची चांगल्या अवस्थेतली केबल नव्याला लावून हार्ड डिस्क आणि बोर्ड जाळून घेतल्याची उदाहरणं दुरुस्तीवाल्यांना नवीन नाहीत.

कार्डाला दोन आठ पिनी जागा असतील तर दोन वेगळ्या केबली लावा. एकाच केबलीला शेपटीसारखी दुसरी पिन जोडलेली असते. ती वापरली तर सगळा भार एकाच तारेवर येतो. मध्यम कार्डाला चालून जातं, २५०-३०० वॅटच्या कार्डाला नको.

सोळा पिनी जोडणीबद्दल २०२२ मध्ये बराच गाजावाजा झाला, आरटीएक्स ४०९० ची काही जोडणी वितळल्यामुळे. एनव्हिडियाने तेव्हा पिन पूर्ण आत न बसणं हे कारण दिलं. २०२३ मध्ये जोडणीची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात संकेत देणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्ड पूर्ण वीज मागतच नाही. आपल्या हातात आहे ते इतकंच: प्लग सरळ आत दाबायचा, प्लग आणि कार्डाच्या सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून तीन-साडेतीन सेंटीमीटरपर्यंत केबल वाकवायची नाही. झाकणाच्या काचेने केबल दाबली जात असेल तर झाकण उघडं ठेवा, पण केबल मोडू नका.

पहिल्यांदा चालू करताना

झाकण लावू नका. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात घाला. मदरबोर्डचे पोर्ट मागे उभ्या रांगेत वर असतात आणि कार्डाचे खाली आडवे. सवयीने हात वरच्याच पोर्टाकडे जातो. ‘नवं कार्ड बंद पडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

वायर जोडून बटण दाबा. पंखे दोन-चार फेरे घेऊन थांबले तर घाबरायचं कारण नाही. हल्लीची बहुतेक कार्डं थंड असताना पंखे बंद ठेवतात आणि तापमान ५०-५५ अंशांच्या आसपास गेल्यावर फिरवतात. विंडोज सुरू होईल, पण चित्र मोठं आणि ओबडधोबड दिसेल, कारण अजून ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोज अपडेट स्वतःहून एक ड्रायव्हर टाकतं, तो चालतो, पण बरेचदा जुना असतो. ड्रायव्हर टाकताना पडदा दोन-तीनदा काळा होतो, तेव्हा संगणक बंद करू नका. लिनक्सवर एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो. बाकीची तपासणी तीच.

आता तपासणी

डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाचं पूर्ण नाव दिसायला हवं. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर ड्रायव्हर बसलेला नाही. पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसला तर ड्रायव्हर साफ करून पुन्हा टाका. तरीही तोच कोड आला तर कार्डावर संशय घ्यायला जागा आहे.

यानंतर जीपीयू-झेड हे छोटं मोफत साधन उतरवा. पहिल्याच पानावर कार्डाचं नाव, चिप, मेमरीचा प्रकार आणि आकार दिसतो. तो खोक्यावरच्या माहितीशी ताडून बघा. वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर हे फारच महत्त्वाचं. जुन्या चिपचं बायोस बदलून तिला नव्या मॉडेलचं नाव देऊन विकण्याचा धंदा बऱ्याच वर्षांपासून चालतो. डिव्हाइस मॅनेजर त्या खोट्या नावालाच भुलतो. जीपीयू-झेड २०१८ पासून अशा बनावट एनव्हिडिया कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवतं.

त्याच पानावर ‘बस इंटरफेस’ अशी ओळ आहे. तिथे काहीसं असं लिहिलेलं सापडेल: एक्स१६ ४.० @ एक्स१६ १.१. चिन्हाच्या डावीकडे कार्डाची क्षमता, उजवीकडे या क्षणी मिळणारा वेग. उजवीकडचा १.१ बघून लगेच कार्ड उपसू नका. रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी रेंडर चाचणी सुरू करा, आकडा चढेल. भार असतानाही उजवीकडे एक्स८ किंवा एक्स४ राहिलं आणि डावीकडे एक्स१६ असेल, तर शोध सुरू करा. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये आहे का? तिरकं बसलंय का? काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ जागेत एसएसडी घातली की मुख्य स्लॉटच्या लेन अर्ध्या होतात, ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सोनेरी पट्ट्यांवर धूळ किंवा चिकटपणा असला तरी लेन गळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ड उभं दाखवायला मधे लवचिक केबल वापरली असेल आणि ती ३.० ची असेल, तर ४.० चं कार्ड मधूनच अडखळतं. बायोसमध्ये स्लॉटचा वेग ३.० वर बांधून ठेवला की हा त्रास थांबतो.

त्याच खिडकीत ‘रिसायझेबल बार’ चालू आहे की बंद हेही दिसतं. यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठता येते. इंटेलच्या आर्क कार्डांना तर याच्याशिवाय खूपच मार बसतो. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसायझेबल बार’ चालू करायचे आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय, बंद करायचं. मात्र विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते सुरूच होणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कचे गुणधर्म उघडून जीपीटी, म्हणजे नवी पद्धत, लिहिलंय का ते आधी बघा.

मॉनिटरचा वेग विंडोज स्वतःहून वाढवेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि रिफ्रेश रेट निवडा. हवा तो आकडा यादीत नसेल तर केबल बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्‌झला मिळतं, २.० वर ६०, आणि १२० साठी २.१ लागतं.

मग भाराची चाचणी. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेडचं सेन्सर पान उघडं ठेवा आणि फरमार्क दहा-पंधरा मिनिटं चालवा. फरमार्क कोणत्याही गेमपेक्षा कार्डाला जास्त छळतं, त्यामुळे तासन्‌तास चालवण्यात अर्थ नाही. वापरलेलं कार्ड असेल तर त्याच्या जोडीला ओसीसीटीमधली मेमरीची चाचणीही करा. तिथे चुकांची संख्या शून्यच यायला हवी, ‘एखाददुसरी’ चालत नाही. युनिजिनची हेवन किंवा सुपरपोझिशन अर्धा तास फिरवली तर खऱ्या गेमसारखा चढता-उतरता भार मिळतो. काही कार्डं सलग भारात शांत असतात आणि भार बदलताना पडतात, म्हणून दोन्ही करावं असं माझं मत.

आकडे कसे वाचायचे? मुख्य तापमान ६५ ते ८० अंशांत असेल तर ठीक. ‘हॉट स्पॉट’, म्हणजे चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू, त्याहून १०-२० अंश जास्त असतो. हा फरक ३० च्या पुढे गेला तर थंड करणारा भाग चिपवर नीट बसलेला नाही किंवा मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. तापमान भराभर चढून मग घड्याळाचा वेग, म्हणजे मेगाहर्ट्‌झचा आकडा, खाली घसरत असेल तर कार्ड स्वतःला वाचवतंय. झाकण उघडं ठेवून तीच चाचणी पुन्हा करा. पाच अंशांहून जास्त उतार पडला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे, कार्डाचा नाही. भारात कार्डातून बारीक चिर्र आवाज येतो, तो कॉइलचा. त्रासदायक असतो, पण बिघाड नव्हे.

हे आकडे वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा: तापमान, हॉट स्पॉट, पंख्याचा वेग, चाचणीचे गुण. वर्षभराने कार्ड तापतंय असं वाटलं तर तुलना करायला काहीतरी हातात असेल.

चाचणी चालू असताना पडद्याकडे बघत राहा. रंगीत चौकोन, लुकलुकणारे ठिपके, आडव्या रेघा दिसल्या तर त्या बायोसच्या पडद्यावरही दिसतात का ते बघा. तिथे ड्रायव्हर नसतो, त्यामुळे तिथेही दिसल्या तर कार्ड किंवा त्याची मेमरी बिघडली आहे. फक्त विंडोजमध्ये दिसल्या तर आधी ड्रायव्हर बदलून पाहा. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, असा तिचा अर्थ. आणि भार येताच अख्खा संगणकच फट्‌कन बंद होत असेल तर आधी पॉवर सप्लायकडे बघा, कार्डाचा नंबर त्यानंतर लागतो.

डिस्प्ले आलाच नाही तर

आधी केबल कार्डात आहे का आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का ते बघा. मग पॉवरच्या पिना. काही कार्डांवर पिनांशेजारी लाल दिवा लागतो, तो वीज पोचत नसल्याची खूण. मदरबोर्डवर चार छोट्या दिव्यांची रांग असेल तर ‘व्हीजीए’चा दिवा पेटून राहिलाय का बघा. जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन-तीन छोट्या शिट्ट्या वाजतात, अर्थ तोच. ‘डीरॅम’चा दिवा पेटला असेल तर कार्ड बसवताना हाताच्या धक्क्याने रॅम सैल झाली आहे, ती काढून पुन्हा दाबा.

कार्ड काढून पुन्हा बसवा. त्यानेही काही झालं नाही तर कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर मदरबोर्डला जोडा. मात्र यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर ते नसतं. रायझन ५००० पर्यंतच्या पिढ्यांत ते साधारणपणे ‘जी’ असलेल्यांतच असतं. असा डिस्प्ले आला तर बायोस अपडेट करा, बॅटरी काढून सेटिंग मूळ जागी आणा आणि कार्ड पुन्हा घालून बघा. शेवटचा उपाय दुसऱ्याच्या संगणकात घालून पाहण्याचा. तिथे चाललं तर तुमचा बोर्ड किंवा पॉवर सप्लाय, तिथेही नाही तर कार्ड परत.

कार्ड काढताना स्लॉटचा खटका आधी उघडायचा, हे गडबडीत विसरतं आणि खटका किंवा कार्डाचा आकडा तुटतो. जाड कार्डाखाली बोट पोचत नाही. तिथे लाकडी किंवा प्लास्टिकची बोथट काडी वापरा. स्क्रू ड्रायव्हर घसरला तर बोर्डावरच्या रेघा कापल्या जातात. कार्ड मूळ चंदेरी पिशवीत घाला, त्याच्या खोक्यात ठेवा, आणि अनुक्रमांकाचं किंवा स्क्रूवरचं स्टिकर सोलू नका. परतीची मुदत संपेपर्यंत ते खोकं माळ्यावर राहू द्या.